पोट का दुखते, ते मुलांनाच विचारू या

शाळेची वेळ झाली की पोट दुखते, रविवारी दुखत नाही. ही तक्रार घेऊन आमच्या वस्तीतील चार-पाच आया एकाच आठवड्यात आशाताईंकडे आल्या. ‘नाटक करते,’ असे घरचे म्हणत. ‘सकाळी खाऊन येत नसेल,’ असे शाळेत म्हणत. मुलींना मात्र कोणीच विचारले नव्हते. तेव्हा आम्ही काही पालक मुख्याध्यापकांना भेटलो. मुलांना विचारून पाहू, असे ठरले.

पहिली-दुसरीच्या मुलांना लिहून सांगता येत नाही. म्हणून मोठ्या कागदावर शाळेचा नकाशा काढला. वर्ग, मैदान, पाण्याची टाकी, शौचालय, जेवणाची जागा दाखवली. आवडती जागा असेल तिथे हिरवी टिकली लावायची, नको वाटते तिथे लाल. एकेका मुलाला बोलावले, नाहीतर पहिल्याचे पाहून सगळे तशीच लावतात. तिसरीपासून पुढच्या मुलांना चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचे नाही. प्रश्न चारच होते: शाळेत पाणी पितोस का? शौचालयात जातोस का? जेवताना कोणाजवळ बसतोस? कशाची भीती वाटते? शिक्षक तेवढा वेळ बाहेर थांबले.

लाल टिकल्या शौचालयावर दाटल्या. कारण चिठ्ठ्यांतून कळले. दाराला कडी नव्हती, आत पाणी नव्हते, मोठी मुले दार ढकलत. एकीने लिहिले होते, ‘मी पाणीच पीत नाही, म्हणजे जावे लागत नाही.’

यात मोठा धोका आहे. पाणी कमी प्यायल्याने आणि लघवी दाबून ठेवल्याने लघवीचा जंतुसंसर्ग होऊ शकतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना तो लवकर होतो. शौच दाबून ठेवले की मल कडक होतो आणि पोट दुखते. लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे, ओटीपोटात दुखणे, ताप, किंवा मोठे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागणे, यांपैकी काही दिसले तर मुलाला रागवू नका, दवाखान्यात न्या.

कडी त्याच आठवड्यात बसली. आत पाण्याचा पिंप आणि मग ठेवला. मुलींनी दोघीदोघींनी जावे, असे बाईंनी सांगितले. नळाचा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडला. मग सगळ्या मुलांना एकत्र बसवून सांगितले, ‘तुम्ही हे सांगितले, म्हणून आम्ही हे केले. नळाचे काम अजून राहिले आहे.’ हे सांगणे फार महत्त्वाचे आहे. विचारून गप्प बसलो, तर पुढच्या वेळी मूल खरे सांगत नाही.

दिवाळीनंतर पुन्हा विचारले. शौचालयावरच्या लाल टिकल्या कमी झाल्या होत्या. पण काही चिठ्ठ्यांत लिहिले होते, ‘जेवताना माझ्याजवळ कोणी बसत नाही.’ ते वाचून आम्ही गप्प झालो. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळत असे. शिपाई नसला की तहान तशीच. ते दिवस गेले असे आपण धरून चालतो. आता हजेरी क्रमांकाने पंगत बसते आणि शिक्षकही पंगतीला बसतात. हे काम कडी बसवण्याइतके सोपे नाही. पुन्हा विचारत राहावे लागेल.

हे करताना दोन गोष्टी पाळा. चिठ्ठीतले अक्षर ओळखून मुलाला धरू नका. आणि मारहाण किंवा नकोसा स्पर्श यांबद्दल कोणी लिहिले, तर ते चारचौघांत वाचू नका, मुलाला खोदून विचारू नका. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे 2012 च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

आपण हे कोणाची मेहेरबानी म्हणून मागत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेत मुलामुलींची वेगळी शौचालये आणि पुरेसे, सुरक्षित पिण्याचे पाणी असलेच पाहिजे. मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे यांना त्यात मनाई आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. वंचित घटकांतील पालकांनाही त्यात त्यांच्या प्रमाणात जागा आहे. त्या बैठकीला मजुरी बुडते म्हणून आपण जात नाही. निदान आळीपाळीने तरी जाऊ या.

आणि सुरुवात आज घरीच करू या. संध्याकाळी मुलाला ‘आज काय शिकवले?’ हे विचाराच. त्याबरोबर हेही विचारा, ‘आज शाळेत पाणी किती वेळा प्यायलास?’