खात्री कुणाची?

मराठी दैनिकाच्या डेस्कवर देशविदेशाची बहुतेक कॉपी इंग्रजीतून येते. मंत्री काय म्हणाले, पोलिसांना काय वाटतं, शेअर बाजाराला कशाची भीती आहे, असा बातमीतला बराचसा ऐवज कुणाच्या तरी मनातला किंवा तोंडचा असतो. हे काम इंग्रजी अनेकदा एका विशेषणावर सोपवते. शुअर, अवेअर, ग्लॅड, अफ्रेड, लाइकली, क्लिअर. आणि त्याच्या मागे ‘दॅट’ लावून पुढचं वाक्य. ही विशेषणं शाळेपासूनची ओळखीची, म्हणून त्यांच्यापाशी कुणी थांबत नाही. पण बातमीचं खरेखोटेपण ठरतं ते नेमकं त्या जोडावर. डेस्कवर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी वर्षानुवर्षं जे सांगत आले, ते इथे लिहून काढते आहे.

१. आधी खात्रीचा धनी शोधा.

‘ही इज शुअर दॅट ही विल विन’ आणि ‘ही इज शुअर टु विन’. दोन्हीकडे ‘शुअर’ त्याच उमेदवाराला चिकटलेलं दिसतं. पहिल्या वाक्यात खात्री उमेदवाराची आहे: आपण जिंकणार, असं त्याला ठामपणे वाटतं. दुसऱ्यात तो बिचारा आशा सोडून घरी बसलेला असू शकतो. खात्री आहे ती लिहिणाऱ्याची. मराठीत पहिलं ‘विजयाची त्याला खात्री आहे’ आणि दुसरं ‘त्याचा विजय नक्की आहे’. निवडणुकीच्या दिवसांत या दोन वाक्यांत केवढं अंतर पडतं, हे वेगळं सांगायला नको. ‘सर्टन’ही असंच दोन्हीकडे चालतं.

‘लाइकली’ची जात निराळी. ते माणसाला जोडलं तरी त्याच्या मनाबद्दल अवाक्षर बोलत नाही. ‘द मिनिस्टर इज लाइकली टु रिझाइन’ याचा अर्थ एवढाच की मंत्र्यांच्या राजीनाम्याची शक्यता आहे. ‘मंत्री राजीनाम्याच्या विचारात’ असा मथळा दिला, तर मूळ बातमीत नसलेली नवी बातमी आपण जन्माला घातली. मंत्र्यांच्या विचारांपर्यंत वार्ताहर पोचलेलाच नसतो.

इथे मराठी आपल्या मदतीला येते. इंग्रजीत माणूस स्वतः शुअर असतो, ग्लॅड असतो. मराठीत खात्री, आनंद, भीती, जाणीव ही नामं. ती माणसाला वाटतात, माणसाला होतात. ‘त्याला’, ‘तिला’, ‘पोलिसांना’ लिहिल्याशिवाय वाक्य बहुधा पुढे सरकत नाही. म्हणून भाषांतर करताना ‘ला’ कुणाला लावायचा हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर सापडलं नाही तर इंग्रजी वाक्य पुन्हा वाचावं.

२. नकार घालून पाहा.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची कसोटी आहे. एका काल्पनिक कारखान्याचं उदाहरण घेऊ. ‘द कंपनी वॉज अवेअर दॅट द वॉटर वॉज पॉल्युटेड.’ पाणी दूषित असल्याची कंपनीला जाणीव होती. आता त्यात ‘नॉट’ घाला. कंपनीला जाणीव नव्हती, पण पाणी? ते दूषितच राहिलं. नकार जाणिवेला लागला, पाण्याला नाही. याच जागी ‘शुअर’ घाला: पाणी दूषित आहे याची कंपनीला खात्री होती. खात्री असो वा नसो, पाण्याचं खरं काय ते वाक्य सांगत नाही.

पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ‘फॅक्ट’ नावाच्या निबंधात हा भेद मांडला. अवेअर, ग्लॅड, सॉरी, ऑड, ट्रॅजिक ही विशेषणं मागचं वाक्य खरं धरूनच बोलतात. शुअर, लाइकली, पॉसिबल तसं धरत नाहीत. कुणी म्हणेल, हा विद्यापीठातला कीस आपल्याला कशाला? डेस्कवर त्याची गरज विद्यापीठापेक्षा जास्त आहे. खटला चालू असताना ‘जाणीव होती’ लिहिणारं वर्तमानपत्र प्रदूषण झालं हे मान्य करून बसतं. न्यायालयाने अजून काही ठरवलेलं नसतं आणि आपण एका नामात निकाल देऊन मोकळे होतो.

मराठी शब्दांचीही अशीच प्रतवारी लावून ठेवावी. जाणीव, माहिती असणं, ठाऊक असणं हे शब्द मागचं खरं धरतात. खात्री, विश्वास, अंदाज मोकळे असतात. ‘समजूत’ तर उलट्या बाजूला झुकते. ‘अमक्याची अशी समजूत होती’ म्हटलं की ती चुकीची असावी, असं वाचणाऱ्याला वाटू लागतं. ‘कन्व्हिन्स्ड’साठी ‘समजूत’ वापरली, तर त्या माणसावर अन्याय होतो.

अजून एक. इंग्रजी कॉपीत बहुधा बाहेरचं एक वेष्टन असतं: याचिकाकर्त्यांचं म्हणणं असं, की कंपनीला जाणीव होती, की पाणी दूषित होतं. लांब वाक्य मराठीत तोडावंच लागतं, ते तोडायला माझा विरोध नाही. मात्र तोडताना ‘याचिकाकर्त्यांच्या म्हणण्यानुसार’ पहिल्या वाक्यात राहतं आणि दुसरं वाक्य उघडं पडतं. दुसऱ्या वाक्यालाही त्याचं पांघरूण द्यावं. शब्द वाढले तर वाढू द्यावेत.

३. ‘इट’ने सुरू होणाऱ्या वाक्यात धनी लपलेला असतो.

‘इट इज क्लिअर दॅट...’ स्पष्ट आहे, पण कुणाला? तपास अधिकाऱ्याला, वार्ताहराला, की साऱ्या गावाला? कॉपीत वरखाली शोधलं की बहुतेक वेळा कुणीतरी सापडतं. सापडलं तर नाव द्यावं. नाही सापडलं तर ‘स्पष्ट झालं आहे’ असं ठासून लिहिण्याऐवजी ‘दिसतं’वर थांबावं.

४. ‘दॅट’ आणि ‘व्हेदर’ यांची अदलाबदल करू नका.

‘आय अ‍ॅम नॉट शुअर व्हेदर धिस इज वाइज’ म्हणणारा खरोखर दोलायमान आहे. ‘नॉट शुअर दॅट’ म्हणणारा बहुधा सभ्यपणे विरोध नोंदवतो आहे. पहिल्याला ‘हे शहाणपणाचं आहे की नाही, सांगता येत नाही’. दुसऱ्याला ‘हे शहाणपणाचं आहे असं मला वाटत नाही’. मुत्सद्द्यांच्या मुलाखतींत हा फरक फार जपावा लागतो.

५. ‘अफ्रेड’ पाहून घाबरू नका.

‘आय अ‍ॅम अफ्रेड ही इज आउट’ यात भीती नाही, दिलगिरी आहे. ‘ते बाहेर गेलेत हो’ इतकंच. इथे ‘दॅट’ गळतोही सहज, ‘शुअर’ आणि ‘ग्लॅड’नंतर गळतो तसाच. गळला तरी जोड तिथेच असतो.

६. काळ आणि पुरुष मराठीच्या चालीने ठेवा.

‘द कोच वॉज कॉन्फिडंट दॅट हिज टीम वुड विन.’ मुख्य वाक्य भूतकाळात गेलं म्हणून इंग्रजीने ‘विल’चं ‘वुड’ केलं. त्यात जर-तर काही नाही. ‘संघ जिंकला असता’ लिहिलं की संघ हरला असा अर्थ होतो, आणि सामना अजून व्हायचाच असतो. मराठी बोलणाऱ्याचा मूळ काळ तसाच राहू देते: ‘संघ जिंकेल, असा विश्वास प्रशिक्षकांनी व्यक्त केला.’

पुरुषाबाबतही मराठी अशीच सढळ आहे. ‘मी येणार, असं तो म्हणाला’ यातला ‘मी’ म्हणजे तोच. बोलताना हे गोड लागतं, सुराने कळतंही. छापताना ‘मी येणार याची त्याला खात्री आहे’ हे वाक्य दोन्हीकडे लोंबकळतं: येणारा तो, की लिहिणारी मी? अशा जागी ‘आपण’ घ्यावं. ‘आपण येणार याची त्याला खात्री आहे’ म्हटलं की बातमीतला संशय मिटतो.

आणि बोलणं छोटं असेल तर ‘की’ टाळून ते आधी घ्यावं, ‘असा’, ‘अशी’ने बांधावं. लांब असेल तेव्हा ‘की’ बरा. नाहीतर कोण बोललं ते कळेपर्यंत वाचणाऱ्याचा दम जातो.

७. ‘बी’ दिसला की थांबा.

‘इट इज इम्पॉर्टंट दॅट ही इज प्रेझेंट’ आणि ‘इट इज इम्पॉर्टंट दॅट ही बी प्रेझेंट’. दुसऱ्यात मागणी आहे: त्याने हजर राहणं महत्त्वाचं. पहिल्यात तो हजर आहेच आणि ही गोष्ट महत्त्वाची, असा अर्थ निघू शकतो. अमेरिकी इंग्रजीत, ठरावांत आणि न्यायालयीन आदेशांत हा ‘बी’ सर्रास भेटतो. ब्रिटिश लेखणी तिथे अनेकदा ‘शुड बी’ लिहिते, आणि कधी मागणीसाठीही साधा ‘इज’च वापरते. त्यामुळे ‘बी’ असेल तर मागणी ठरलेली, पण ‘इज’ असेल तर प्रसंग पाहिल्याशिवाय ठरवू नये. ‘इसेन्शल’ आणि ‘नेसेसरी’ बहुधा मागणीच करतात. ‘ऑड’, ‘ट्रॅजिक’ यांच्यामागे ‘शुड’ आला तर मात्र तो ‘पाहिजे’चा नसतो. ‘इट इज ऑड दॅट ही शुड से सो’ म्हणजे त्याने असं म्हणावं हे विचित्र आहे. मराठीतला ‘म्हणावं’ हा तिथे नेमका बसतो. मागणीही तोच करतो आणि नवलही तोच.