घडवणे आणि वापरणे : ‘द फॅमिली फँग’च्या निमित्ताने

कलेसाठी कलावंताने आयुष्य पणाला लावावे, असे आपण वर्गात अनेकदा ऐकतो. परंतु ते आयुष्य स्वतःचे की दुसऱ्याचे? ‘द फॅमिली फँग’ हा २०१५ चा अमेरिकन चित्रपट नेमका हाच प्रश्न विचारतो. केव्हिन विल्सन यांच्या २०११ मधील कादंबरीवर तो आधारलेला असून दिग्दर्शन जेसन बेटमन यांचे आहे.

केलेब आणि कॅमिल फँग हे कलावंत दांपत्य अनोळखी लोकांसमोर बनावट प्रसंग घडवून आणते. लोकांची उडणारी तारांबळ हीच त्यांची कलाकृती. तिच्यात पोटची मुले ॲनी व बॅक्स्टर यांनाही भूमिका असतात. कलाजगतात त्यांची ओळख काय, तर ‘चाइल्ड ए’ आणि ‘चाइल्ड बी’! पुढे ॲनी (निकोल किडमन) नटी होते, बॅक्स्टर (स्वतः बेटमन) लेखक. दोघांचेही गाडे अडलेले. अशातच आई-बाप नाहीसे होतात. रक्ताचे डाग पडलेली मोटार तेवढी सापडते. पोलिसांना घातपाताचा संशय येतो. ॲनीला हा आणखी एक ‘प्रयोग’ वाटतो.

चित्रपटाचे मर्म मला येथे दिसते. ज्या घरात कोणताही प्रसंग रचलेला असू शकतो, तेथे मुलांना मोकळेपणाने रडण्याचीही सोय उरत नाही.

१९७१ साली कॅलिफोर्नियात क्रिस बर्डन या कलावंताने मित्राकरवी स्वतःच्या दंडावर गोळी झाडून घेतली होती. त्याला कोणी वेडेपणा म्हणो. पण इजाही त्याची आणि संमतीही त्याची. फँग मुलांना ‘नाही’ म्हणण्याची समजच नव्हती.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक घर आपापल्या परीने मुलांना घडवतेच. मग फँग दांपत्यालाच दोष का? आक्षेप रास्त आहे. मात्र घडवणे आणि वापरणे यांत फरक आहे, आणि तो ओळखण्याची कसोटी माझ्या मते सोपी आहे : मूल दूर गेले, तर आई-बापांचे काय अडते? मुले दुरावल्यावर हे दांपत्य खोटी कूपने वाटून गोंधळ उडवू पाहते. पण कोणी चिडतच नाही, आणि प्रयोग फसतो. केलेबला (ख्रिस्तोफर वॉकन) मुलांची उणीव भासते, ती साहित्य संपल्यासारखी.

म्हणूनच कलाकृतीचे मोल ठरवताना तिची किंमत कोणी मोजली, हेही आपण विचारले पाहिजे.