पीथमपूरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर (ईटीपी) रुजू होणाऱ्या भाचीला

अगं, एसजीएसआयटीएस कॉलेजात आयसोथर्मचे आलेख घोटून घेतले असतील, पण तेवढ्यावर सांडपाण्यातला रंग काढायला सक्रिय कोळशाचा कॉलम बांधायला निघू नकोस. कोळसा आणि पाणी हवा तितका वेळ एकत्र राहिले तर शेवटी काय होईल, एवढंच तो आलेख सांगतो. कॉलममधल्या पाण्याला तेवढी सवड कुठली? शिवाय प्रयोगशाळेत डिस्टिल्ड पाण्यात एकटा रंग असतो. कारखान्याच्या पाण्यात मीठ, साबण, तेल असं सगळं कोळशावरच्या जागेसाठी भांडत असतं.

म्हणून आधी नमुने. सकाळी दहाची एक बाटली भरून मोकळी होऊ नकोस. रात्रपाळीचं पाणी घे, टाकी धुतात तेव्हाचं घे, बॅच बदलते तेव्हाचंही घे. पीएच तिथल्या तिथे मोज. बरेच आम्ल रंग आम्लधर्मी पाण्यात कोळशाला नीट चिकटतात, पीएच चढला की सुटतात.

मग चाचणीच्या छोट्या कॉलमसाठी अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक नळी आण आणि तिच्यात कोळसा भर. व्यास दाण्याच्या निदान वीसपट हवा, नाहीतर पाणी कडेकडेने निसटतं. तीन उंचींवर तोट्या बसव आणि कुठल्या तोटीतून रंग केव्हा फुटतो ते टिपत जा. उंची आणि वेळ यांची जी रेघ येते, तिच्यामागचं गणित बोहार्ट आणि अ‍ॅडम्स यांनी १९२० मध्ये क्लोरीन वायू कोळशात कसा अडतो यावरून मांडलं. आपण ते रंगाच्या पाण्याला लावतो, आणि चालतं.

खऱ्या कॉलमचा ढोबळ हिशेब असा: तासाला ५ घनमीटर पाणी, रिकाम्या भांड्याच्या हिशेबाने १५ मिनिटं संपर्क, म्हणजे १.२५ घनमीटर कोळसा. वेग तासाला ६ मीटर धरलास तर व्यास साधारण १ मीटर, थर दीड मीटर. वर अर्धा-पाऊण मीटर मोकळी जागा सोड, बॅकवॉशला, म्हणजे खालून उलटं पाणी सोडून धुताना, थर फुगतो. खर्च वाचवायला हीच जागा कापतात आणि मग कोळसा नाल्यात जातो.

कोळशाचा विक्रेता आयोडीन नंबर तोंडावर फेकेल. तो लहान छिद्रांचा आकडा. करवंटीच्या कोळशाची छिद्रं बारीक, रंगाचे मोठे रेणू त्यात शिरत नाहीत; मोठ्या छिद्रांसाठी मोलॅसिस नंबर विचार. स्वस्तात काही हवं असेल तर भोपाळच्या मॅनिट संस्थेत आलोक मित्तल आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या पेंडीवर आणि वीजकेंद्राच्या राखेवर रंग शोषून दाखवले आहेत, ते वाच. माळव्यात पेंडीला तोटा नाही. पण पेंड भिजून फुगते, कॉलम तुंबतो. माझं मन अजून कोळशाकडेच आहे.

कॉलम दोन, एकामागे एक. पहिल्यातून रंग फुटला की दुसरा पुढे आण, नवा भरलेला मागे. सँड फिल्टर आधी असू दे, कोळशाला गाळणी बनवू नकोस. नवा कोळसा रात्रभर पाण्यात भिजव, दाण्यांतली हवा जाऊ दे. भांडं आतून रबर लावलेलं घे, ओला कोळसा लोखंड खातो.

आणि मॅनहोल उघडून कोणालाही आत उतरू देऊ नकोस. ओला कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो, आतल्या माणसाला वासही येत नाही, नुसता कोसळतो. ऑक्सिजन मीटर लावून बघ, ब्लोअर चालव, बाहेर दोर धरलेला माणूस उभा कर. सुपरवायझर घाई करेल. करू दे.