शरणपूर कोणासाठी?

शास्त्रपाठ : निर्गम २१:१२-१४, गणना ३५:९-३४, यहोशवा २०:१-९

शब्बाथ शाळेत केदेश, शखेम, हेब्रोन, बेसेर, रामोथ, गोलान ही सहा नावे मुलांकडून घोकून घेतली, की शरणपुरांचा पाठ संपला असे आपणांस वाटते. परंतु ही नगरे कोणासाठी होती, हे शिकवायचे राहूनच जाते. दुसऱ्या महायुद्धानंतरची एक हकिगत या कामी आपणांस उपयोगी पडेल.

१. दयेचा गैरवापर. १९४५ साली जर्मनीचा पाडाव झाला, तेव्हा युरोपात लाखो लोक घरादाराला मुकले होते. ज्यांच्याजवळ कागदपत्रे उरली नव्हती, अशांना रेडक्रॉस संस्था प्रवासपत्र देत असे. अर्जदाराने सांगितलेले नाव आणि एखाद्या भल्या माणसाची शिफारस एवढ्यावर ते मिळे. निराश्रितांच्या या वाटेनेच नाझी गुन्हेगारही निसटले. यहूद्यांना मृत्युछावण्यांकडे रवाना करण्याची व्यवस्था पाहणारा अडॉल्फ आइखमन १९५० साली 'रिकार्डो क्लेमेंट' या नावाने जिनोव्हाहून अर्जेंटिनास गेला. ट्रेब्लिंका छावणीत सात लाखांहून अधिक माणसे मारली गेली. तिचा एक प्रमुख फ्रान्झ श्टांगल याला रोममध्ये बिशप अलोइस हुडाल यांनी मदत केली. तो सिरियात व तेथून १९५१ साली ब्राझीलला गेला.

२. आपलीही झडती. हे वाचून आपण प्रॉटेस्टंट लोकांनी दुसऱ्या पंथाकडे बोट दाखवू नये. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मन प्रॉटेस्टंट मंडळीच्या पुढाऱ्यांनी स्टुटगार्ट येथे आपला दोष कबूल केला, हे खरे. पण त्यांपैकीच बिशप वुर्म यांनी पुढे शिक्षा झालेल्या युद्धगुन्हेगारांसाठी रदबदली केली. आपल्या माणसाची कीव लवकर येते. मेलेल्यांच्या वतीने बोलायला मात्र कोणी नसते.

३. शास्त्राचा नियम. चुकून मनुष्यवध झालेल्याने वेशीशी उभे राहून वडील जनांना आपली हकिगत सांगावयाची होती. मग त्याला जागा मिळे, आणि मंडळीसमोर त्याचा न्याय होई. एकाच साक्षीदारावरून कोणाला देहदंड देता येत नसे. मात्र जाणूनबुजून खून करणाऱ्याला वेदीचाही आसरा नव्हता. तेव्हा शरणपूर म्हणजे सूडापासून बचाव. न्यायापासून सुटका नव्हे. आइखमन आला तो खोटे नाव घेऊन. वेशीशी सांगण्याजोगी हकिगत त्याच्यापाशी नव्हती.

४. शेवट. आइखमनला १९६० साली इस्राएलच्या हेरांनी पकडून नेले. जेरुसलेम येथे खटला होऊन १९६२ साली त्याला फाशी झाली. श्टांगल १९६७ साली सापडला व १९७० साली त्याला जन्मठेप झाली. ऑशविट्झचा डॉक्टर मेंगेले मात्र १९७९ साली ब्राझीलच्या समुद्रात बुडून मेला. तो कोणत्याही न्यायासनापुढे उभा राहिला नाही.

मग आपण दार लावून घ्यावे काय? मुळीच नाही. त्याच वाटेने हजारो निरपराध लोकही वाचले. दार उघडेच असावे. पण आत आलेल्याला त्याचे खरे नाव विचारण्याचे धैर्य आपल्या अंगी असावे.

वर्गात चर्चेसाठी : (१) क्षमा करणे आणि गुन्हा लपवणे यांत फरक कोणता? (२) आपल्या मंडळीत कोणाची चूक झाकताना आपण कोणाचे दुःख विसरतो?