दगडाची माती

'दगडासारखा टणक' असे आपण म्हणतो. दगड कधी बदलत नाही, अशी आपली समजूत असते. पण हाच दगड ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांच्यापुढे हार मानतो. तो फुटतो, कुजतो आणि शेवटी त्याची माती होते. या क्रियेला 'विदारण' म्हणतात.

महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो थंड होऊन हा खडक बनला. वेरूळची लेणी याच खडकात कोरली आहेत.

असा कठीण खडक फुटतो कसा? दिवसा उन्हाने तो तापतो व प्रसरण पावतो. रात्री थंड होऊन आकुंचन पावतो. असे वर्षानुवर्षे चालते आणि त्याला बारीक तडे जातात. तड्यात झाडाचे मूळ शिरते व पाचरीसारखे त्याला रुंदावते.

पाण्याचे काम वेगळेच आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात विरघळतो. त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील खनिजे बदलून टाकते. मग खडकाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. कोकणात पाऊस फार. तेथे पुष्कळशी द्रव्ये वाहून जातात, लोह मागे उरते. ते गंजते, म्हणून तेथील जांभा खडक तांबडा दिसतो. घाटावर पाऊस कमी. तेथे बेसाल्टपासून कापसाची काळी जमीन तयार झाली.

डोंगरउतारावर अशी सुटी माती साठते. मुसळधार पावसात ती पाण्याने जड होते व घसरते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर असाच डोंगर कोसळला. १५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

बोटभर जाडीचा मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. उघड्या उतारावरून तो थोड्याच पावसाळ्यांत वाहून जातो. म्हणून उतारावरची झाडे राखावीत, शेताला बांध घालावेत. विदारण आपल्याला थांबवता येत नाही. त्याने दिलेली माती मात्र जपता येते.

शब्दार्थ
टणक – कठीण
प्रसरण पावणे – फुगणे
आकुंचन पावणे – आक्रसणे
पाचर – फटीत ठोकायचा निमुळता तुकडा

स्वाध्याय
१. खडकाला तडे कसे जातात?
२. जांभा खडक तांबडा का दिसतो?
३. तुमच्या परिसरातील माती कोणत्या रंगाची आहे? तिच्याविषयी पाच वाक्ये लिहा.