अक्षर दिसते, आवाज नाही

मंडळी, मराठी वाचायला शिकताना तुम्हाला एक सवय लागली आहे. जे अक्षर दिसेल ते म्हणायचे. मराठीत ही सवय बहुतेक ठिकाणी चालते. इंग्रजीत ती दगा देते.

माझेच सांगतो. मी नोकरीत नवा होतो. शाळा तपासायला साहेब आले. मी म्हणालो, "साहेब, फीची रिसीप्ट दिली आहे." साहेब सगळ्यांसमोर हसले. तो शब्द मी पुस्तकात पाहिला होता, कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यात पी हे अक्षर आहे, पण म्हणायचे 'रिसीट'. पुढे कित्येक दिवस मी भीतीने इंग्रजी शब्दच तोंडातून काढला नाही. पहिल्या चुकीपेक्षा ही चूक मोठी.

हा पी आला कुठून? जुन्या विद्वानांना लॅटिन भाषेचा फार अभिमान. मूळ लॅटिन शब्दात होता म्हणून त्यांनी तो लिहिण्यात घातला. लोकांनी काही म्हटला नाही! 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी असाच आला. 'आयलंड' म्हणजे बेट, त्यातला एस तर १६ व्या शतकात चुकीच्या समजुतीने घुसला. 'नाइफ' म्हणजे सुरी. त्यातला के मात्र पूर्वी खरोखर म्हणत असत. आवाज गेला, अक्षर राहिले.

आता आपला 'व' घ्या. इंग्रजीत त्या जागी दोन आवाज आहेत. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. डब्ल्यूच्या आवाजाला दात नकोत, शीळ घालतो तसे ओठ गोल करा. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन, 'वेस्ट' म्हणजे पश्चिम. 'फॅन'च्या फलाही तेच दात लागतात. आपण 'फळ' म्हणताना दोन्ही ओठ मिटतो, तसे तिथे करू नये.

आणि एक पैशाची गोष्ट. 'फिफ्टी' म्हणजे ५०, 'फिफ्टीन' म्हणजे १५. पहिल्यात जोर 'फिफ्'वर. दुसऱ्यात 'टीन' लांबवा आणि शेवटचा न स्पष्ट म्हणा. ऐकणारा चुकला तर ३५ रुपयांचा फरक पडतो, बरे का! शंका वाटली तर सरळ 'वन फाइव्ह' म्हणावे, किंवा कागदावर आकडा लिहून दाखवावा. त्यात कसली लाज?

आज रात्री आरसा घेऊन 'व्हेस्ट, वेस्ट' दहा वेळा म्हणा. घरातली पोरे हसतील. त्यांनाही म्हणायला लावा.