स्पीकर परत करू नकोस

अगं चिऊ, काल फोनवर तुझा सूर ऐकूनच ओळखलं, बाईसाहेब तो वाय-फायचा स्पीकर परत करायच्या बेतात आहेत. खोक्यात भरला असशील तर बाहेर काढ. मीही महिनाभर आमच्या बिचाऱ्या स्पीकरला शिव्या घातल्या आहेत, म्हणून जरा हक्काने सांगते.

आमच्याकडे सकाळी सहाला सासऱ्यांचे अभंग सुरू होतात. भीमसेनांची तान वर निघाली की नेमकी तुटायची, क्षणभर शांतता, मग पुढे कुठूनतरी चालू. दोन दिवस सासरे गप्प बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पंडितजी इथे खटका घेत नसत गं." मी हसले खरी, पण मग लक्षात आलं की तेव्हाच मी आत मायक्रोवेव्हमध्ये पिल्लूचं दूध तापवत असते. मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर आणि वाय-फायचा जुना पट्टा आहे २.४ चा, म्हणजे दोघांचं घर एकाच गल्लीत. दाराच्या फटीतून जे जरासं निसटतं त्याने आपल्याला काही होत नाही, पण खिडकीखालून वरात गेली की हळू बोलणाऱ्या माणसाचं जे होतं, ते वाय-फायचं होतं. आमच्या स्पीकरला ५ गिगाहर्ट्झचा पट्टाही चालत होता. तिकडे नेला आणि खटका गेला.

तुझ्या स्पीकरला तो चालतो का, हे खोक्यावर बघ. बरेच स्वस्त स्पीकर फक्त २.४ वरच चालतात. मग चॅनेल बदलायचा. १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, कारण चॅनेलांमधलं अंतर पाच-पाच मेगाहर्ट्झचं आणि प्रत्येक जण पसरून बसतो वीस मेगाहर्ट्झ. तुमच्या बिल्डिंगमध्ये फोन उघडला की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाय-फायची लांबलचक यादी येते. त्यातली बहुतेक मंडळी कुठल्या चॅनेलवर आहेत ते फोनवरच्या एखाद्या फुकट ॲपमध्ये दिसतं. तिघांतला मोकळा असेल तो घे.

आणि जावईबापूंना सांग, प्लॅन वाढवून काही होणार नाही. चांगल्यातलं चांगलं एमपीथ्री गाणं सेकंदाला ३२० किलोबिट मागतं. अगदी सीडीइतकं स्वच्छ ऐकायचं म्हटलं तरी १४११, म्हणजे दीड मेगाबिटसुद्धा नाही. तुम्ही २०० चा प्लॅन घेऊन बसला आहात. टाकी भरलेली आहे गं, घोळ आहे तो घरातल्या नळांत.

आता खरं सांग, राउटर ठेवलाय कुठे? दाराजवळच्या त्या पत्र्याच्या डब्यात ना? बिल्डरने केबलसाठी केलेल्या? वाटलंच. वायरवाला दादा जिथे वायर येते तिथेच राउटर बसवून मोकळा होतो, त्याला पुढच्या घरी जायचं असतं. पण पत्र्याच्या डब्यात राउटर म्हणजे माठात तोंड घालून हाका मारणं. त्यात आपल्या भिंतींत लोखंडी सळ्या, मधे आईने दिलेलं ते कपाट, त्याला आरसा. लहरींना लोखंड आणि पाणी दोन्ही आवडत नाहीत. दहा मीटर लॅनची वायर आण, राउटर बाहेर काढून हॉलमध्ये खांद्याच्या उंचीवर ठेव. टीव्हीच्या मागे नको. शोभा जाते म्हणून सासूबाई कुरकुरतील, करू देत. रिपीटरच्या नादी मात्र लागू नकोस. स्वस्तातला रिपीटर ऐकतो त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. वायर परवडली.

हे झालं गाणं तुटण्याचं. "फोनला स्पीकर दिसतच नाही" हे दुखणं वेगळं आहे, आणि मला वाटतं तुझं तेच आहे. तू म्हणालीस ना, इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्याचंही वाय-फाय चालू आहे आणि वर तुमचा नवा राउटरही? मग ती दोन वेगळी घरं झाली. फोन एका घरात, स्पीकर दुसऱ्यात. ॲप उघडलं की फोन हाक मारतो, "स्पीकर कुणी आहे का?" ती हाक राउटरच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. दोघांच्या वाय-फायचं नाव एकच ठेवलं असशील तर आणखीच फसगत, कारण बघताना सगळं बरोबर दिसतं. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असतो, तो चालू कर आणि कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद कर. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर स्पीकर कधीच जोडू नकोस. तिथे एका यंत्राला दुसरं दिसू नये अशीच सोय केलेली असते.

एकदा दिसायला लागला की राउटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्वेशन' शोध आणि स्पीकरचा नेटवर्कमधला नंबर कायमचा बांधून टाक. नाहीतर राउटर बंद-चालू झाला की नवा नंबर देऊ शकतो, आणि ॲप जुन्याच दारावर टकटक करत बसतं.

ब्लूटूथवरच भागवू म्हणतेस, तर भागव बापडी. पण मग गाणं तुझ्या फोनमधून जातं, तू फोन घेऊन गच्चीत गेलीस की अभंग अर्धवट. वाय-फायचा स्पीकर बहुतेक वेळा गाणं स्वतःच इंटरनेटवरून ओढतो, फोन नुसता रिमोट.

शेवटचं, वीज. तुमच्याकडे दिवसातून दोनदा जाते. परत आली की स्पीकर लगेच जागा होतो, राउटर दोन मिनिटं डोळे चोळत असतो, आणि काही स्पीकर तेवढ्यात रुसून बसतात. राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो घे. आणि कंपनीचा डबाही त्यावरच लाव, नुसता राउटर जागा राहून उपयोग नाही. पण दुकानात जायच्या आधी दोन्ही अडॅप्टर उलटे करून त्यांच्यावरची बारीक अक्षरं वाच, बारा व्होल्ट आहे की नऊ, आणि किती अँपिअर. नाही वाचता आलं तर फोटो पाठव. चष्मा लावून बघते.